तलफ येते, चटक लागते, हाव सुटते: तीव्र इच्छांच्या मराठी शब्दांचे नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

नोकरीनिमित्त गोव्यात येऊन मराठी शिकू लागलेली माणसे पहिले सहा महिने बहुधा 'हवे', 'नको' आणि 'पाहिजे' या तीन शब्दांवर काढतात. बाजारात तेवढ्यावर भागतेही. मग एके दिवशी चहाच्या गाड्यावरचा माणूस 'तलफ आली' म्हणतो, सकाळचे वर्तमानपत्र कुणाला तरी 'मंत्रिपदाचे डोहाळे' लागल्याचे छापते, शेजारच्या आजी नातवाला 'हावरटासारखा खाऊ नकोस' म्हणून दटावतात, आणि शब्दकोश उघडला तर या सगळ्यांपुढे 'तीव्र इच्छा' एवढाच अर्थ दिलेला आढळतो. अर्थ चुकीचा नसतो, पण त्याच्या भरवशावर वाक्य केले की ते हमखास फसते.

मी फोंड्यात संध्याकाळी प्रौढांना मराठी शिकवतो. गोव्यातील शिकणाऱ्यापुढे एक वेगळी अडचण असते, ती म्हणजे त्याच्या कानावर दोन भाषा एकाच वेळी पडतात. 1987 च्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि सरकारी कामकाजात मराठीच्या वापरालाही वाव ठेवला, परंतु कायद्याच्या कितीतरी आधीपासून येथील असंख्य घरांत बोलणे कोकणीत आणि वाचणे, कीर्तन, नाटक, देवळातील पत्रिका हे सारे मराठीत, अशी वाटणी चालत आलेली आहे. त्यामुळे इच्छेचा एखादा शब्द दोन्ही भाषांत सारखा दिसतो आणि अर्थ मात्र किंचित सरकलेला असतो. त्याचे उदाहरण पुढे येईलच.

पहिली पायरी: 'मी' बाजूला ठेवावा

मराठीत तीव्र इच्छा माणूस करीत नाही, ती त्याच्यावर येऊन पडते. म्हणून वाक्याची सुरुवात 'मी' ने न करता 'मला' ने करावी आणि ज्या वस्तूची इच्छा आहे तिला चा, ची, चे किंवा च्या लावावे. 'मला चहाची तलफ आली', 'त्याला फुटबॉलचे वेड लागले', 'तिला पैशाचा हव्यास आहे' या वाक्यांत चहा, फुटबॉल किंवा पैसा यांचे लिंग पाहायचे नसून तलफ, वेड आणि हव्यास यांचे पाहायचे आहे. तलफ, चटक, हाव, ओढ, आस, हौस, लहर, हुक्की, खुमखुमी, वखवख हे शब्द स्त्रीलिंगी आहेत. नाद, मोह, सोस, ध्यास, चस्का, हव्यास हे पुल्लिंगी, आणि वेड व खूळ नपुंसकलिंगी. डोहाळे हा पुल्लिंगी शब्द व्यवहारात अनेकवचनातच चालतो. एकच डोहाळा लागलेली बाई मला अद्याप भेटलेली नाही.

लिंगे पाठ करण्यात फार वेळ घालवू नये, कारण ती कानाने बसतात. वेळ द्यायचा तो पुढच्या पायरीला.

दुसरी पायरी: शब्दाआधी त्याचे क्रियापद

प्रत्येक शब्द वहीत त्याच्या क्रियापदासह उतरवावा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. 'तलफ' असे नुसते लिहू नये, 'तलफ येणे' असे लिहावे. इच्छा किती खोल आहे, किती वेळ टिकणार आहे आणि तिच्यावर माणसाचा ताबा आहे की नाही, हे सारे मराठीत नामापेक्षा क्रियापदच सांगते.

जी इच्छा येते, ती जातेही. चहाची, विडीची, तंबाखूची तलफ येते. अवेळी समुद्रावर जाण्याची लहर येते. काहीतरी विक्षिप्त करण्याची हुक्की येते. भांडण उकरून काढण्याची खुमखुमी येते. तलफ ही शरीराला जडलेल्या सवयीची हाक असते, म्हणून ती चहा, तपकीर, सिगारेट आणि दारू यांच्याशी जुळते, पण पुरणपोळीशी जुळत नाही. उन्हाळ्यात काजूच्या बोंडांचा रस पहिल्यांदा ऊर्ध्वपातित करून हुर्राक निघते आणि पुन्हा ऊर्ध्वपातित केल्यावर फेणी होते. रोज संध्याकाळी पेला लागणाऱ्याला फेणीची तलफ येते, तर वर्षातून दोन-तीन महिनेच मिळणाऱ्या हुर्राकेची वाट पाहणाऱ्याला तिची ओढ असते, असे मी वर्गात सांगतो. पिणाऱ्यांनी या भेदाला आजवर आक्षेप घेतलेला नाही.

जी इच्छा लागते, ती चिकटते. चटक, चस्का, नाद, वेड, ध्यास, ओढ, आस हे सारे लागतात, जशी भूक आणि तहान लागते तसेच. यांतील चटक आणि चस्का हे चवीपासून सुरू होतात आणि त्यांत थोडा दोष गृहीत असतो. मुलाला बाहेरच्या खाण्याची चटक लागते, पण अभ्यासाची चटक लागली असे आपण थट्टेनेच म्हणतो. नाद हा चटकेपेक्षा लांब पल्ल्याचा असतो आणि तो वेळ, पैसा किंवा दोन्ही खातो. मटक्याचा नाद, बंदी असूनही लपूनछपून होणाऱ्या धीरयोचा, म्हणजे बैलांच्या झुंजींचा, नाद, रविवारी पहाटे गरी घेऊन खाडीकाठी बसण्याचा नाद, अशी उदाहरणे गोव्यात पावलोपावली मिळतील. ध्यास मात्र सन्मानाचा शब्द आहे आणि आस त्याहून हळवा. आषाढी जवळ आली की साखळीच्या विठ्ठलापुरात आणि पंढरीच्या वाटेवर निघालेल्या गोमंतकीय वारकऱ्यांच्या तोंडी विठ्ठलाची आस आणि पंढरीची ओढ हे शब्द येतात. तेथे चटक म्हटल्यास कुणी रागावणार नाही, पण दिंडीतली सगळी माणसे वळून पाहतील.

जी इच्छा सुटते, ती आवरेनाशी होते. वारा सुटतो, पाणी सुटते, तशी हाव सुटते, वखवख सुटते, खा खा सुटते आणि तोंडाला पाणी सुटते. येथे नवशिक्यासाठी एक खड्डा आहे. हाव सुटली म्हणजे ती उसळून बाहेर पडली, पण नाद सुटला किंवा तंबाखू सुटली म्हणजे ती सवय गेली. एकच क्रियापद एका ठिकाणी सुरुवात सांगते आणि दुसऱ्या ठिकाणी शेवट. याचा ढोबळ नियम असा की जे आधी लागलेले असते ते सुटल्यावर जाते आणि जे आत दबलेले असते ते सुटल्यावर वर येते. माझ्या एका विद्यार्थिनीने आपल्या यजमानांची सिगारेट बंद झाल्याची आनंदाची बातमी 'त्यांना सिगारेटची खा खा सुटली' अशी सांगितली आणि वर्गाने तिचे सांत्वन केले.

जी इच्छा नुसती असते, ती स्वभावात मुरलेली असते. हौस असते, सोस असतो, हव्यास असतो. सोस म्हणजे पेलत नसतानाही केलेली आवड. घरात चौघेच असताना दिवाळीला पन्नास माणसांचा फराळ करणाऱ्या गृहिणीला 'कशाला एवढा सोस' असे ऐकावे लागते, आणि असे म्हणणारेच नंतर डबे भरून नेतात. हव्यासात पैसा, मान किंवा सत्ता आली पाहिजे. लाडू कितीही आवडत असले तरी लाडवांचा हव्यास असे सहसा म्हणत नाहीत.

तिसरी पायरी: ताटाजवळचे शब्द

हा सगळा शब्दसंग्रह ज्या ठिकाणी सर्वाधिक वापरला जातो ते ठिकाण म्हणजे स्वयंपाकघर, आणि गोव्यात ते शिकण्याचा उत्तम काळ म्हणजे पावसाळा. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, बाजारात इसवण (सुरमई) दिसला तरी त्याचा भाव ऐकून माणूस पुढे सरकतो, आणि एरवी सोमवारच्या शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवणावर निमूट बसणारी मंडळीही जुलैच्या मध्याला चुळबुळू लागतात. मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीच्या, खरेदीत भरून ठेवलेले सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) मग डब्यांतून बाहेर निघतात.

अशाच एका जुलैतल्या दुपारी माझ्या घरी एक विद्यार्थी जेवायला आले होते. ते बँकेत बदली होऊन उत्तरेकडून आलेले, हिंदी त्यांची मातृभाषा. बाहेर कौलांवरून पागोळ्या धो धो पडत होत्या आणि आत निखाऱ्यावर सुका बांगडा भाजला जात होता. त्याची साल फुगून तडतडत होती, कडा काळ्या पडत होत्या आणि माझी आई चिमट्याने तो उलटून वर खोबरेलाचे थेंब सोडत होती. तो वास एकदा घरभर झाला की ओसरीवरचे बोलणे आपोआप थांबते. पाहुण्यांनी मोकळेपणाने माझ्या पत्नीला सांगितले, "वहिनी, मला या बांगड्याची हवस झाली आहे." वहिनींच्या हातातला डाव ताटलीवर थबकला. आईने तोंडाला पदर लावला.

त्यांना 'हौस' म्हणायचे होते. हौस आणि हवस हे दोन्ही एकाच अरबी शब्दातून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले, पण मराठीने त्यातला विकार काढून टाकून निर्मळ आवड तेवढी ठेवली आणि हवस हे हिंदीतून पुन्हा आलेले रूप कामवासनेपुरते राहिले. शिवाय त्या प्रसंगी हौसही बसत नव्हती, कारण हौस करण्याची आणि मिरवण्याची असते. दागिन्यांची हौस असते, सजावटीची असते, आणि गोव्यात जिची मुळे फार खोल गेली आहेत ती नाटकाची असते. गावच्या जत्रेत देवळाच्या प्राकारात मंडप घालून रात्रभर मराठी नाटक करणारे पोस्टमन, शिक्षक आणि बागायतदार स्वतःला हौशी कलाकार म्हणवतात आणि त्यात कमीपणा मानीत नाहीत. 'हौसेला मोल नाही' ही म्हण त्यांचा खर्च पाहूनच सुचली असावी, असे मला प्रॉम्प्टिंग करताना नेहमी वाटते.

निखाऱ्यावरच्या बांगड्यासमोर बसलेल्या माणसाने साधे 'तोंडाला पाणी सुटले' म्हणावे. वासाने किंवा दर्शनाने नसलेली इच्छा जागी झाली तर 'जीभ चाळवली' किंवा 'भूक चाळवली' असे म्हणावे. पोट भरलेले असूनही दर तासाला डबे उघडून पाहावेसे वाटत असेल, तर ती खा खा. नुसतीच भूक असेल तर पोटात कावळे ओरडतात. जिभेचे चोचले हा प्रयोग स्वतःबद्दल थट्टेने आणि दुसऱ्याबद्दल नापसंतीने येतो, त्यामुळे यजमानांच्या घरी तो स्वतःपुरताच ठेवावा.

आता आधी सांगितलेला सरकलेला अर्थ. कोकणीत एखाद्या पदार्थाची 'आशा' होते, म्हणजे तो खावासा वाटतो. मराठीतली आशा ही उमेद असते. 'मला माशांची आशा झाली' हे वाक्य पुण्याच्या माणसाने ऐकले तर होड्या मासे घेऊन परत येतील अशी बोलणाऱ्याची उमेद आहे, असे त्याला वाटेल. गंमत अशी की जुना अर्थ मराठीतून पूर्णपणे गेलेला नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे टक लावून पाहणाऱ्याची नजर आपण आजही 'आशाळभूत' म्हणतो. तसेच 'वासना' या शब्दाचे. 'आजारपणात अन्नावरची वासना गेली' हे जुन्या वळणाचे, निर्दोष मराठी आहे, पण तरुण माणसाने 'भजीची वासना झाली' म्हटल्यास लोक हसतात. हा शब्द वाचताना ओळखावा, बोलताना टाळावा.

चौथी पायरी: डोहाळे

या शब्दाला स्वतंत्र पायरी देण्याचे कारण म्हणजे तो घरात आणि वर्तमानपत्रात दोन निरनिराळ्या तोंडांनी बोलतो. गर्भवतीला होणाऱ्या विशिष्ट इच्छा म्हणजे डोहाळे. त्याचे मूळ संस्कृतातील 'दोहद'. गर्भवतीच्या ठायी दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक बाळाचे, म्हणून तिची इच्छा दुहेरी, अशी आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांची कल्पना होती. संस्कृत कवींनी हे दोहद झाडांनाही लावले आणि सुंदर स्त्रीच्या पायाचा स्पर्श झाल्यावरच अशोक फुलतो असा संकेत रूढ केला.

घरगुती वापरात डोहाळे लागतात आणि ते इतरांनी पुरवायचे असतात. गोव्यात ते बहुधा आंबटाचे असतात, म्हणजे बिंबले, करमले, मिठातली तोरे, म्हणजे कोवळ्या कैऱ्या. सातव्या महिन्यात फुले माळून डोहाळजेवण होते. डोहाळे पुरवले नाहीत तर होणाऱ्या मुलाची लाळ गळते असे वडीलधारी बायका सांगतात, आणि त्या समजुतीच्या धाकाने कितीतरी नवऱ्यांनी भर पावसात बिंबले शोधली आहेत. समजूत तशी निरुपद्रवी आहे, पण माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटू लागले तर तो कौतुकाचा डोहाळा समजू नये. शरीरात लोह कमी झाल्याचे ते लक्षण असू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगावे.

वर्तमानपत्रात हाच शब्द टोमणा होतो. गोव्याच्या विधानसभेच्या 40 जागा, त्यामुळे मतदारसंघ लहान आणि उमेदवारीवर डोळा ठेवणारे पुष्कळ. निवडणूक जवळ आली की मराठी पत्रांत 'इच्छुकांची भाऊगर्दी' सुरू होते. 'इच्छुक' हा तेथे केवळ उमेदवारी मागणाऱ्यासाठी राखीव शब्द आहे. कुणाला आमदारकीचे डोहाळे लागतात, कुणी गुडघ्याला बाशिंग बांधून बसतो, कुणाला खुर्चीचा मोह आवरत नाही. बाशिंग हे वास्तविक कपाळावर बांधायचे. लग्नाच्या घाईने ते गुडघ्यालाच बांधून बसलेला नवरा डोळ्यांपुढे आणला की अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रोज एका बातमीतून असा एक प्रयोग वहीत उतरवणे हा मला सर्वांत स्वस्त आणि उपयोगी अभ्यास वाटतो.

पाचवी पायरी: माणसाला लावायची विशेषणे जपून

इच्छेवरून माणसाला नाव देताना मराठी फार कठोर होते. हावरट आणि अधाशी हे शब्द आई मुलाला प्रेमाने म्हणू शकते, तुम्ही सहकाऱ्याला म्हणू नयेत. वखवखलेला हा शब्द तर नजरेसाठी वापरला की थेट आरोप ठरतो. हपापलेला पैशासाठी, लंपट बाईच्या मोहासाठी. चवीने खाणाऱ्याला खवय्या म्हणावे, गोड आवडणाऱ्याला गोडघाशा; हे दोन्ही समोरासमोर चालतात. चावट गप्पांत रमणाऱ्या पुरुषाला आंबटशौकीन म्हणतात, तेही मित्रांतच. एखादी कुरापत काढणाऱ्याला 'खाज आहे' असे तरुण पोरे सर्रास म्हणतात, पण वर्गात, देवळात आणि सासुरवाडीत हा शब्द उच्चारू नये.

कॉलेजातील मुले आता 'क्रेव्हिंग होतेय' म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त त्या एका शब्दात तलफ, खा खा आणि डोहाळे तिन्ही बुडून जातात आणि ऐकणाऱ्याला चहा ठेवावा की अभिनंदन करावे हे कळत नाही.

येथेच दोन क्रियापदे ओळखून ठेवावीत. एकदा फायदा चाखून पुन्हा पुन्हा येणारा तो चटावलेला, आणि कुणी अडवले नाही म्हणून धीट झालेला तो सोकावलेला. 'म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण ऐकल्यावर पुढे कोणती तक्रार येणार आहे, हे मराठी माणूस ओळखतो. अंगणात आलेल्या शेजाऱ्याच्या गाईपासून पैसे मागणाऱ्या कारकुनापर्यंत ती कुठेही बसते.

सहावी पायरी: इच्छा संपल्याचे सांगणे

इच्छा सुरू कशी होते हे शिकल्यावर ती संपते कशी हेही शिकावे लागते, आणि येथेही जोड्या ठरलेल्या आहेत. तलफ भागते. हौस फिटते, मात्र काही बिघडल्यावर कुणी 'फिटली हौस?' असे विचारले तर ते सुख विचारणे नसते, तो खोचक प्रश्न असतो. डोहाळे पुरवले जातात, नाद सुटतो किंवा सोडवला जातो, मोह आवरतो, वेड उतरते, लहर ओसरते. जेवणानंतर पोट भरते आणि मन भरते, पण ही दोन वाक्ये एकाच वेळी खरी असतीलच असे नाही. हाव आणि हव्यास यांच्यापुढे भागणे, फिटणे, पुरवणे यांपैकी काहीही लावून पाहावे, वाक्य उभे राहत नाही. 'हाव भागली' असे मी कुणाच्या तोंडून ऐकलेले नाही, म्हणून वहीतील तो रकाना कोरा ठेवावा.

बँकेतले ते गृहस्थ चतुर्थी उलटल्यावर पुन्हा आमच्याकडे आले. होड्या सुरू होऊन महिना झाला होता आणि त्या दिवशी तेफळे (तिरफळे) घातलेले बांगड्यांचे हुमण, म्हणजे कालवण, होते. दोनदा भात घेऊन झाल्यावर माझ्या पत्नीने आणखी वाढायला विचारले, तेव्हा त्यांनी वही न उघडता उत्तर दिले, "वहिनी, पोट भरले, पण मन काही भरले नाही." आईने आतूनच बांगड्याचा आणखी एक तुकडा पाठवला.